तलावाचा रोजा

घनश्यामच्या अंगाला मासोळीचा वास येत नव्हता, आणि मी दचकलो ते त्यामुळेच. दुपारची वेळ होती. रमजान अर्धा उलटला होता. मी दुकानाच्या आतल्या खोलीत कापूस पिंजायच्या यंत्रापाशी तोंडाला फडकं बांधून बसलो होतो. घशात रुई गेली तर रोज्याला बट्टा लागतो की नाही, यावर आमच्या मोहल्ल्यात माझ्या लहानपणापासून एकमत झालेलं नाही, म्हणून मी आपला फडकं बांधून मोकळा होतो. बाहेर आकिब, माझा मुलगा, कुणा गिऱ्हाइकाला फोमची गादी दाबून दाखवत होता. पाटीवर अजून 'नूर मोहम्मद गादी भांडार' असं माझं नाव आहे, पण चंद्रपुरात आता कापसाची गादी कोण भरून घेतं? माझ्या वयाची माणसं, आणि ज्यांची कंबर धरते ती. तेवढ्यात यंत्राच्या घरघरीतून हाक आली, "नूऱ्या, हायेस का बे?" आवाज ओळखीचा होता, पण मान वर केली तरी माणूस पटेना. इस्त्रीचा शर्ट, पायात नव्या चपला, केसांना तेल. पन्नास वर्षं हा माणूस आला की आधी त्याचा वास यायचा आणि मग तो. तलावाच्या चिखलाचा, ओल्या जाळ्याचा, मासोळीचा वास. माझी बायको जरीना त्याला चहा द्यायची आणि तो गेल्यावर खुर्ची उन्हात ठेवायची. आज त्याला साबणाचा वास होता. मला वाटलं, नक्की कुणीतरी मेलं.

"काऊन बे, कोन गेलं?" मी यंत्र बंद करून विचारलं. त्याच्याशी बोलताना माझं मराठी आपोआप त्याच्या गावचं होतं.

"कोनी नाई गेलं," तो म्हणाला. "तलाव चालला."

मग उभ्या उभ्याच त्यानं सांगितलं. त्याचं मोहबोडी गाव खाणीत गेलंय, हे मला ठाऊकच होतं. गेल्या दिवाळीत सगळ्यांना रस्त्यापलीकडे नव्या वसाहतीत नेलं, सारख्या खोल्या, सारखे नळ. पण तलाव पावसाळ्यापर्यंत राहील असं सांगितलं होतं. आता म्हणे शुक्रवारी तलावाची पाळ, म्हणजे बांध, फोडणार. "पावसाळ्यालोक ठेवतो म्हनत होते. आता म्हन्ते, उन्हाळ्यातच खोदाचं हाय. मशीन येऊन उभी हाय. म्हटलं, फोनवर कायले सांगू." मी आकिबला पाणी आणायला सांगितलं तर घनश्यामनं हात हलवला. माझ्यासमोर तो रमजानात पाणी पीत नाही. कधीच प्यायला नाही, आणि त्याबद्दल कधी बोलला नाही. खिशातून रुमाल काढून त्यानं मान पुसली आणि म्हणाला, "गुरुवारी ये. गरी घेऊन ये." आणि तोच पुढे म्हणाला, "मले मालूम हाय रमजान हाय. तरी म्हून राह्यलो." आणि एसटी सुटेल म्हणून निघूनही गेला.

गरी म्हणजे गळ. बांबूची काठी, दोरा, आकडा, आणि पाण्यावर तरंगायला ज्वारीच्या धांड्याचा तुकडा. एवढ्या सामानावर माझं अर्धं आयुष्य गेलं, असं जरीना म्हणते. मला पत्ते येत नाहीत, क्रिकेटचं मला काही पडलेलं नाही, पान मी खात नाही. गरी टाकून बसणं हाच माझा एक नाद. आणि दर रमजानात मी तो सोडतो. हे मला कुणी फर्मावलेलं नाही. एकदा धीर करून मी मौलानांना विचारलं होतं, तर ते म्हणाले, मनाई कुठे आहे, फक्त नमाज चुकवू नका. ते ऐकून खरं तर मला वाईटच वाटलं. इतकी वर्षं ओढून धरलेली गोष्ट मनाईतली नाहीच म्हटल्यावर माणसानं करायचं काय?

ते आलं अब्बांपासून. अब्बा पिंजारी. पाऊस ओसरत आला की खांद्यावर धुनकी टाकून ते गावोगाव निघायचे. धुनकी म्हणजे पुरुषभर उंचीचं लाकडी धनुष्य, त्याला ताणलेली तात. तात कापसात धरायची आणि लाकडी दस्त्यानं ठोकायची, की जुना, दगड झालेला कापूस फुलून वर यायचा. मोहबोडीत त्यांचा मुक्काम दसरूबाच्या ओट्यावर असायचा. दसरूबा म्हणजे घनश्यामचा बाप, जातीचा ढिवर म्हणजे कोळी, तलावाचा राजाच म्हणा. सगळ्या गावाच्या गाद्या-दुलया त्या ओट्यावर यायच्या आणि अब्बांची धुनकी सुरू व्हायची. पण अब्बा नुसतं पिंजत नसत. डाव्या अंगठ्यानं तात दाबून, सोडून ते तिच्यातून चाली काढायचे. लग्नातल्या बँडच्या, ढिवर डोंगा वल्हवताना म्हणतात त्या गाण्यांच्या, कुठून कुठून ऐकलेल्या. बाया पाण्याचे गुंड डोक्यावर घेऊन उभ्या राहायच्या. दसरूबा जाळं विणता विणता मान हलवायचा. माझं मात्र तिथे काही काम नसे, कारण कापूस उडाला की मला शिंका यायच्या आणि त्या थांबत नसत. म्हणून मला घनश्यामबरोबर तलावावर हाकलत. घनश्याम माझ्याच वयाचा, पण त्याला काम होतं, बापाच्या डोंग्यात बसायचं, जाळं ओढायचं. मी त्याच्या पायात येऊ नये म्हणून त्यानं एक काठी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "हे धर आन गप बस." तेव्हा माझ्या नादाची सुरुवात अशी, कुणाच्या तरी पायातून बाजूला होण्यासाठी झाली. ढिवराच्या लेखी गरी म्हणजे पोरांचा खेळ, आणि अजूनही घनश्याम माझी गरी पाहून हसतो.

तिथे बसलं की काय होतं ते सांगणं कठीण आहे. आधी सगळं ऐकू येतं. कमळाच्या पानांखाली काहीतरी डचमळतं, समोरच्या बाभळीवर खंड्या ओरडतो, पलीकडे कुणी धुणं आपटतं. मग हळूहळू डोळा त्या धांड्याच्या तुकड्यावर जातो आणि कान बंद होतात. तुकडा हलतो का? नाही, वारा आहे. आता हलला का? नाही. असं करत करत पायाला मुंग्या येतात, त्या जातात, ऊन मानेवरून कानावर येतं, आणि आपल्याला काही कळत नाही. कधी मरळ लागते आणि काठी मनगटापर्यंत थरथरते. तो थरथराट मला आज गादीच्या दुकानात बसूनही मनगटात आठवतो. पण खरं सांगायचं तर मासोळीसाठी मी कधी बसलो नाही. ते काहीच न कळणं मला आवडायचं. घरी शिकवणीचा मार, दुकानात उधारीची कटकट, नंतर आकिबच्या नोकरीची काळजी, सगळं त्या तुकड्यापाशी येऊन थांबायचं.

मी पहिला रोजा धरला तेव्हा रमजान भादव्यात आला होता. तलाव काठोकाठ भरलेला. मी पहाटे सहरीला उठलो, दोन घास खाल्ले, आणि सकाळीच जाऊन गरी टाकून बसलो. घनश्याम मध्ये दोनदा येऊन विचारून गेला, भूक लागली का बे? मी नाही म्हटलं, आणि खोटं बोललो नाही. मला भूक लागलीच नव्हती. ऊन उतरल्यावर अब्बांनी ओट्यावरून हाक मारली तेव्हा कुठे मला कळलं की दिवस संपला. मी धावत गेलो आणि फुशारकी मारली, अब्बा, मला काहीच वाटलं नाही, रोजा कसा गेला कळलंसुद्धा नाही. अब्बा हातावरचा कापूस झटकत होते. रागावले नाहीत. म्हणाले, "मग तो रोजा तुझा कुठे झाला? तलावाचा झाला." मला वाटलं, थट्टा करताहेत. पण नंतर पाण्याचा पेला माझ्या हातात देताना ते सावकाश बोलले. भूक कळली पाहिजे, तहान कळली पाहिजे, दिवस किती हळू सरतो ते बसून पाहिलं पाहिजे, त्यासाठीच तर हा महिना. जे केल्यानं दिवस कळत नाही ते एक महिना बाजूला ठेव. मग मला आठवलं की त्या दिवसांत ओट्यावरून येणारी धुनकी नुसती ढुंग-ढुंग वाजत होती. चाल नव्हती. अब्बा आपलं आवडतं असं बाजूला ठेवत आले होते, आणि मोहबोडीच्या बायांना रमजान लागल्याचं चंद्रावरून नाही, त्यावरून कळायचं.

तेव्हापासून मी गरी रमजानात भिंतीला टेकवून ठेवतो. आमचा महिना दर वर्षी थोडा मागे सरकतो, सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. त्यामुळे तलाव मी सगळ्या ऋतूंत सोडलेला आहे. थंडीत, जेव्हा धुकं पाण्यावरून उठत नाही. वैशाखात, जेव्हा पाणी मध्यावर गोळा होतं आणि मासोळी हाताला लागेल इतकी जवळ येते. आणि सगळ्या ऋतूंत मी तो बाशी ईदला परत धरला आहे. ईदचा दुसरा दिवस माझा मोहबोडीचा. शीरखुर्म्याचा डबा घेऊन पहिल्या एसटीनं मी जायचो. घनश्यामनं गांडुळं काढून ठेवलेली असायची, त्याची बायको भागीरथा डबा उघडून आधी वास घ्यायची. महिनाभराच्या उपवासानंतरचं ते पहिलं बसणं. ईदपेक्षा मला बाशी ईद जास्त आवडते, हे जरीनाला माहीत आहे आणि ती मला ते विसरू देत नाही. यंदाही थंडीत घनश्याम दोन-तीनदा म्हणाला होता, येऊन जा. मी म्हणालो, घाई काय आहे, पावसाळ्यापर्यंत तलाव आहेच, बाशी ईदला येतो, चांगला दोन दिवस राहतो. आता बाशी ईदला तिथे खड्डा असणार होता.

त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून जरीनाला हे सांगितलं. ती भजी तळत होती. जरीना मुलचेऱ्याकडच्या खेड्यात वाढलेली. घरात उर्दू बोलते, पण चिडली की तिच्या गावच्या भाषेत येते, आणि मग तिच्यापुढे कुणाचं काही चालत नाही. यंदाच्या रमजानात तिनं बहिणीशी फोनवर लोकांच्या सुनांबद्दल बोलायचं सोडलं होतं. ते पहिला आठवडाच टिकलं, त्यामुळे माझ्या सोडण्याचा तिला जरा रागच होता.

"तो बिचारा एवढ्या उन्हात येऊन सांगून गेला, आन तुमी रमजान रमजान करून राह्यले?" ती झारा तसाच हातात धरून म्हणाली. "अल्लानं मना केलं का?"

"नाही."

"मौलानानं?"

"नाही."

"मंग कोनं?"

"अब्बांनी."

"अब्बानं!" तिनं भजी ताटात आपटली. "आन दसरूबासाठी अब्बानं तात वाजवली, तवा कोनता महिना होता? तुमीच तर सांगतले होते मले."

मी रोजा सोडायला बसलो, खजूर तोंडात टाकला, पण माझं मन त्या वैशाखात जाऊन बसलं होतं. आमचं लग्न व्हायच्या आधीची गोष्ट. दसरूबाच्या पोटात पाणी झालं होतं, डॉक्टरांनी हात टेकले होते. घनश्याम चंद्रपूरला आला आणि अब्बांना म्हणाला, बापाले दुलई पिंजून पायजे. वैशाखात दुलई! मी हसणार होतो, पण अब्बा उठून धुनकी उतरवायला लागले होते. रोजा, वरून ऊन, आणि आम्ही दोघं बापलेक त्या फुफाट्यातून मोहबोडीला गेलो. दसरूबाची खाट ओट्यावर काढली होती. अब्बांनी त्याची दुलई उसवली, कापूस काढला आणि पिंजायला लागले. नुसतं ढुंग-ढुंग. दसरूबानं थोडा वेळ ऐकलं आणि मान वळवून म्हणाला, "हे काय वाजवून राह्यला बे पिंजाऱ्या? नीट वाजव ना." अब्बांचा हात थांबला. त्यांच्या ओठांवर पांढरा पापुद्रा आला होता. मग त्यांनी अंगठा तातीवर ठेवला आणि चाल धरली. एक संपली की दुसरी. ऊन ओट्यावर चढत आलं तरी थांबले नाहीत, आणि दसरूबाची बोटं खाटेच्या पाटीवर ताल धरून होती. परतताना मी विचारलं, अब्बा, आज रमजानात वाजवलंत? त्यांनी धुनकी दुसऱ्या खांद्यावर घेतली. मग म्हणाले, "सोडायचं ते आपलं असावं लागतं. ते तर त्याचं होतं." दसरूबा त्याच आठवड्यात गेला.

दोन दिवस मी हेच घोळवत राहिलो. यंत्रापाशी बसून, रात्री तरावीच्या नमाजात उभा राहून, आणि याबद्दल अल्ला मला माफ करो. तलावावर बसणं माझं, की घनश्यामचं? माझं असेल तर सोडायला हवं, शेवटचं असलं तरी. शेवटचं आहे म्हणून सूट मागायची असेल तर ते सोडणं कसलं? पण त्याचं असेल, त्याला त्याच्या तलावावर मला एकदा गरी टाकून बसलेलं पाहायचं असेल, तर नाही म्हणणारा मी कोण? दसरूबासाठी अब्बांना एवढा विचार करावा लागला नव्हता. अब्बा मोठे होते. मी माझ्या मनाला ओळखतो, ते कशालाही दुसऱ्याचं नाव देऊन आपलं काम काढून घेतं. तरी बुधवारी संध्याकाळी मी भिंतीमागची गरी काढली, दोऱ्याची गाठ पाहिली, आकड्यावरचा गंज घासला. आकिब म्हणाला, अब्बा, कारनं सोडू का? मी नाही म्हणालो. मोहबोडीला कारनं जायची कल्पनाच मला सहन झाली नाही. जाऊन टाकायची, घनश्यामसाठी टाकायची, असं मी ठरवलं होतं. पण गरी एसटीच्या खिडकीतून बाहेर काढून बसलो तेव्हा मला झालेला आनंद माझाच होता, त्यात घनश्यामचा वाटा फार नव्हता.

भद्रावतीच्या रस्त्यावर पळस झडत आला होता. मोहफुलं वेचणाऱ्या बाया झाडांखाली वाकलेल्या होत्या. फाट्यावर घनश्याम उभा होता, पुन्हा तोच इस्त्रीचा शर्ट. आधी तो मला नव्या घरी घेऊन गेला. भागीरथावैनींनी नळ सोडून दाखवला, पंखा लावून दाखवला. "मले तं इथी चांगलं वाटते भाऊ," त्या म्हणाल्या. "जिंदगीभर मासोळ्या कापल्या, टोपलं डोक्यावर घेऊन गावोगाव फिरली. आता पोरगा नोकरीवर हाय. याईलेच काय होऊन राह्यलं मालूम नाई." दारात घनश्यामच्या चपलांचे दोन जोड ठेवले होते. मोहबोडीत मी त्याला चपला घातलेलं फारसं पाहिलं नव्हतं.

आम्ही तलावावर गेलो तेव्हा दुपारची, जोहरची नमाज मी नव्या घरीच आटपून घेतली होती. गावातून जायची वाट आता नव्हती, कारण गावच नव्हतं. भिंती पाडलेल्या, छपरांचे कवेलू नेलेले. दसरूबाच्या घराचा ओटा मात्र तसाच होता, कुणाला तो न्यायचा नव्हता. तिथे मी थांबलो नाही. थांबलो असतो तर पुढे गेलोच नसतो. पाळीवर पिवळं यंत्र उभं होतं आणि त्याच्या सावलीत ड्रायव्हर तोंडावर टॉवेल टाकून झोपला होता. पाणी अर्ध्यावर आलं होतं, कडेला चिखलाला भेगा. पलीकडे खाणीतल्या मातीचा डोंगर उठला होता, गेल्या बाशी ईदला तो एवढा उंच नव्हता. पण कमळं होती. खंड्या होता. चिखलाचा वास आला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते पुसलं नाही, कारण तिथे ते पुसायची गरज नव्हती. आमच्या नेहमीच्या जागी, पाळीच्या उतारावरच्या दगडांवर आम्ही बसलो. मी दोरा सोडला, कणकेचा गोळा आकड्याला लावला आणि काठी उचलली.

"टाकू नको," घनश्याम म्हणाला.

मला वाटलं, त्याला माझ्या रमजानची आठवण झाली. म्हटलं, "अरे, मी ठरवून आलो बे. तुझ्यासाठी चालते आज. अब्बांनी नाई का तुझ्या बापासाठी..."

"माझ्यासाठीच म्हून राह्यलो, टाकू नको." तो पाण्याकडे पाहत होता. "तू गरी टाकली का तुले काई ऐकू येत नाई. पन्नास वर्ष पाहून राह्यलो. मी इथी येऊन बसलो तरी तुले मालूम नाई पडत. मंग मी उठून जातो, जाळं टाकतो. आज काय करू? जाळं देऊन टाकलं. डोंगा देऊन टाकला."

"मग गरी घेऊन ये काऊन म्हटलं?"

"तसं म्हटलं नसतं तं तू आला असता का बे? बाशी ईदले येतो म्हटला असता."

मी काठी खाली ठेवली. मला त्याचा राग यायला हवा होता, पण राग आला तो माझाच, आणि तोही फार टिकला नाही. किती वेळा हा माझ्या बाजूला येऊन बसला असेल, काही सांगायला आला असेल आणि मी धांड्याच्या तुकड्याकडे पाहत बसलो असेन. त्याच्या पोरीचं लग्न मोडलं तेव्हा? बाप गेल्यानंतर? मला आठवेना, कारण मला ते कधी कळलंच नव्हतं. मी विचारलं, "मग बोल." तर तो हसला. म्हणाला, "आता काय बोलू? बोलाचं होतं तवा बोललो असतो. बस नुसता."

तर आम्ही नुसते बसलो. आणि मग मला कळलं की मोहबोडीच्या तलावावर असं नुसतं बसायला मला कधीच आलेलं नव्हतं. हातात काही नाही, डोळ्यांना धरायला काही नाही. पहिल्यांदा तर भयंकर कंटाळा आला. तहान लागली, घसा कापसासारखा झाला. ऊन पाठीवर आलं आणि तिथून हलेचना. एक बगळा एका पायावर उभा होता, तो किती वेळ उभा राहील हे पाहत मी बसलो, आणि तो माझ्यापेक्षा जास्त वेळ उभा राहिला. घनश्याम मध्येच काहीबाही बोलायचा. या कोपऱ्यात मरळ पिलं घेऊन यायची. तिथे त्याच्या भावाच्या पायाला साप चावला होता. त्या तोडलेल्या आंब्याच्या ठुंठापाशी भागीरथा लग्नानंतर पहिल्यांदा कपडे धुवायला आली आणि तिचं लुगडं वाहून गेलं, ते त्यानं डोंग्यातून पाठलाग करून आणलं. हे सगळं मला ठाऊक नव्हतं. पन्नास वर्षं ज्या पाण्याकडे मी पाहत होतो त्याच्याबद्दल मला काही ठाऊक नव्हतं. माझं पाणी त्या तुकड्याभोवतीचं, परातीएवढं होतं. मी विचारत गेलो, तो सांगत गेला. "घरी आंघोळ केली का साबनाचाच वास येते आता," तो एकदा म्हणाला. मी म्हणालो, "हो, दुकानात आला तवा मी घाबरलो होतो." यावर आम्ही दोघं इतके हसलो की यंत्राखालचा ड्रायव्हर उठून बसला.

ऊन कलल्यावर अस्रची नमाज मी पाळीवरच पढलो. घनश्यामनं खांद्यावरचा टॉवेल अंथरून दिला आणि तोंड दुसरीकडे करून उभा राहिला. त्यानंतरचा वेळ मला सगळ्यांत जास्त आठवतो. रोजेदाराचा हा वेळ सगळ्यांत लांब असतो. डोळे आपोआप घड्याळाकडे जातात, भज्यांचा वास नसतानाही येतो, पोरं खिडकीतून मिनाराकडे पाहत बसतात. मी आयुष्यभर हा वेळ ढकलत आलो आहे. त्या दिवशी तो हळूहळू आला. पाण्याचा रंग बदलला, आधी मातकट, मग तांबूस. कमळांची पानं कडेनं काळी झाली. बगळे एकेक करून उठले, आणि ते उद्या कुठे उतरतील हे मी घनश्यामला विचारलं नाही. सूर्य खाणीच्या मातीच्या डोंगरामागे गेला, खरं तर तो बुडायला अजून वेळ होता, पण तिथून तो दिसेनासा झाला. "गेला," घनश्याम म्हणाला. मी मोबाइलमध्ये पाहिलं आणि म्हणालो, "नाई, अजून हाय." का कोण जाणे, त्याला ते बरं वाटलं. तो पुन्हा खाली बसला.

पाळीवरून भागीरथावैनी येताना दिसल्या. एका हातात तांब्या-पेला, दुसऱ्या हातात वाटी. नवं घर एवढं आवडलेली ती बाई एवढी वाट चालत आली होती. वाटीत खजूर होते. दर रमजानात त्या ते आणून ठेवतात, मी येतो बाशी ईदला, तोवर पोरं ते संपवतात. यंदा तसं झालं नव्हतं. त्या आमच्याजवळ बसल्या नाहीत, थोड्या वर उभ्या राहून पाण्याकडे पाहत राहिल्या आणि पदरानं नाक पुसलं. मग पेला भरून माझ्या हातात दिला.

मोबाइलमधून अजान झाली. रोजा सोडायला उशीर करू नये, घटका झाली की लगेच पाणी घ्यावं, असं अब्बा आम्हाला सांगायचे, आणि त्यांनी एकदाही क्षणभर उशीर केला नाही. माझा घसा जळत होता. पेला थंड होता, त्याच्या कडेवरून थेंब माझ्या बोटांवर उतरत होते. समोर थोडा उजेड राहिला होता, पाण्याच्या मध्यभागी, आणि तो आक्रसत चालला होता. मी इतके रमजान पाहिले, इतक्या वेळा सूर्य बुडायची वाट पाहिली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मनात आलं की तो बुडू नये.

"घे ना बे," घनश्याम म्हणाला. "टाइम झाला."

"झाला," मी म्हणालो. "थांब जरा."